टोपलीतली तहान : अजगर, माणूस आणि पाणी यांचा इतिहास

१/
बीड शहराच्या पूर्व भागात एका कुंडाच्या मधोमध कंकालेश्वराचे मंदिर उभे आहे. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये दगडी शिल्पांचा डौल. शहराजवळच सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात बांधलेली खजाना विहीर आहे. तिचे पाणी भूमिगत मार्गाने शेतांपर्यंत नेले होते. अवर्षणाच्या या मुलखात पाण्याचा इतिहास हाच माणसाचा इतिहास मानला जातो. त्याच इतिहासाच्या कडेने आणखी एका जिवाची तहान सरपटत आलेली आहे. हा धागा त्या तहानेचा आहे : माणसाने पकडलेल्या, पूजलेल्या, कातडीसाठी मारलेल्या आणि अखेर काचेच्या पेटीत पाळलेल्या सापाच्या तहानेचा.

२/
आरंभी तीन साप वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला दिवड किंवा विरोळा. बारवेत, विहिरीत, भाताच्या खाचरात बेडूक आणि मासे पकडणारा हा बिनविषारी साप खरा पाण्यातला. दुसरा आपला भारतीय अजगर. तो राहतो जमिनीवर, पण पाण्याचा सोबती आहे. उत्तम पोहतो, आणि केवळ नाकपुड्या वर ठेवून तासन् तास पाण्यात पडून राहतो. तिसरा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन. तो गवताळ माळरानातला, उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढणारा, लाजरा अजगर आहे. त्याला पोहता येते. परंतु पोहणे हा त्याचा छंद नव्हे. या तिघांची गल्लत झाली की सापाच्या पाण्याविषयीचे सगळे गैरसमज सुरू होतात.

३/
‘अजगर’ या संस्कृत शब्दाचा अर्थच ‘बोकड गिळणारा’ असा आहे. महाभारताच्या वनपर्वात अजगरपर्व नावाचे एक उपपर्व आहे. अगस्त्यांच्या शापाने अजगर झालेला नहुष राजा भीमाला विळखा घालतो. हजारो हत्तींचे बळ असलेला भीम त्या विळख्यात हतबल होतो. अखेरीस युधिष्ठिर येतो आणि अजगराच्या प्रश्नांना उत्तरे देऊन भावाला सोडवतो. येथे अजगर नुसता हिंस्र पशू राहिलेला नाही. तो प्रश्न विचारणारा, धर्माची परीक्षा घेणारा आहे. भारतीय कल्पनेत या प्राण्याला इतक्या प्राचीन काळापासून वाणी लाभली आहे.

४/
बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्याच काठी, शेजारच्या जिल्ह्यात, नाथांचे पैठण आहे. भागवताच्या एकादश स्कंधावर एकनाथांनी लिहिलेली टीका, म्हणजे एकनाथी भागवत, शके १४९५ मध्ये, अर्थात इ.स. १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. त्या स्कंधातील अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, समुद्र, मधमाशी यांच्या रांगेत अजगरही गुरू म्हणून बसलेला आहे. न मागता जे मिळेल त्यावर राहावे, आणि काहीच न मिळाले तरी स्वस्थ पडून राहावे, हा त्याचा धडा. मराठी कीर्तनांतून हा अजगर गावोगाव पोचला.

५/
अवधूताचे निरीक्षण जीवशास्त्राच्या कसोटीवरही बरेचसे उतरते. अजगर थंड रक्ताचा, म्हणजे शरीराची उष्णता बाहेरून घेणारा प्राणी. त्याच्या देहाची चूल मंद असते. म्हणून एका मोठ्या भक्ष्यावर तो आठवडे, प्रसंगी महिनेही काढू शकतो. परंतु उपवास आणि तहान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्नाविना दीर्घकाळ तग धरणारा हा जीव पाण्याविना तितका टिकत नाही. माणसाने त्याचा पहिला गुण ध्यानात ठेवला आणि दुसरी गरज विसरली. पाळलेल्या सापांच्या हालअपेष्टांचा मोठा भाग या एका विस्मरणातून जन्मला.

६/
याचा एक सुंदर पुरावा पॅरिसमध्ये सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात फिरून गेलेल्या एका फ्रेंच प्रवाशाने सांगितले होते की, इकडची अजगराची मादी पक्ष्यासारखी अंडी उबवते. तेथील विद्वानांनी ते मानले नाही. थंड रक्ताचा प्राणी ऊब कोठून आणणार? पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात एका अजगर मादीने अंडी घातली आणि ती त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसली. प्राणिशास्त्रज्ञ आशिल व्हॅलेन्सिएन यांनी तापमापक लावला. वेटोळ्याच्या आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्टपणे अधिक निघाले.

७/
मादी स्नायू आकुंचित करून, थरथरून स्वतःच उष्णता निर्माण करत होती. प्रवाशाची ‘दंतकथा’ खरी ठरली. या कथेतला एक लहान तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. सुमारे दोन महिन्यांच्या त्या तपश्चर्येत मादीने अन्नाला तोंड लावले नाही. पाणी मात्र ती प्यायली. आईपणासाठी भूक बाजूला ठेवता आली, तहान ठेवता आली नाही. पिंजऱ्यातल्या अजगराला पाण्याचे भांडे का हवे, याचे उत्तर १८४१ मध्येच मिळालेले होते.

८/
त्याच काळात महाराष्ट्राच्या वाटांवर साप पाळणारा माणूस म्हणजे गारुडी. खांद्यावर कावड, तिच्यात वेताच्या टोपल्या, हातात पुंगी. एका टोपलीत नाग, दुसरीत धामण, आणि बाजाराचे गाव मोठे असेल तर गळ्यात अजगर. साप सुस्त, आज्ञाधारक दिसला पाहिजे, ही खेळाची गरज होती. म्हणून नागाचे विषदंत उपटले जात, कधी तोंड शिवले जाई. टोपलीत अन्नही नसे आणि पाणीही नसे. कोरड्या टोपलीत उन्हातान्हात फिरणाऱ्या सापाची कात नीट निघत नसे. डोळ्यांवर जुन्या कातीचे पापुद्रे साचत आणि तो अर्धवट आंधळा होई.

९/
नागपंचमीच्या दुधाचे रहस्यही याच टोपलीत आहे. साप सस्तन प्राणी नाही. दूध हे त्याचे अन्न नाही आणि ते त्याला पचतही नाही. मग श्रावणात वाटीला तोंड लावणारा नाग काय सिद्ध करत होता? सणाच्या आधी कित्येक दिवस त्याला तहानलेले ठेवलेले असे. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल तो द्रव पितो. बघणाऱ्यांना ती देवाची कृपा वाटली; प्रत्यक्षात ते शरीरातले पाणी संपल्याचे लक्षण होते. असे दूध श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाचा संसर्ग होई, आणि सण सरल्यावर पुष्कळ साप मरत. एका वाटी पाण्याने जे भागले असते, त्यासाठी एका वाटी दुधाचे पुण्य उभे केले गेले.

१०/
तरीही गारुड्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा इतिहासाचा अपलाप होईल. भटक्या जीवनातल्या या माणसांना ना शेत होते, ना गावात घर. साप कोठे दडतो, केव्हा चिडतो, कसा पकडावा हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या होते. ज्या समाजाने त्या ज्ञानाचे मोल फक्त खेळ पाहून फेकलेल्या पैशात केले, त्याचाही वाटा त्या कोरड्या टोपलीत आहे. तमिळनाडूत इरुळा जमातीच्या सर्पमित्रांची सहकारी संस्था १९७८ मध्ये उभी राहिली आणि त्यांचे कौशल्य विष संकलनाच्या कामी आले. महाराष्ट्रातल्या गारुड्याच्या वाट्याला तसे काही आले नाही.

११/
दुसरीकडे सापाकडे पाहण्याची शास्त्रीय नजर घडत होती. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये भारतीय अजगराला शास्त्रीय नाव दिले. पॅट्रिक रसेलचा भारतीय सापांवरील सचित्र ग्रंथ १७९६ मध्ये निघाला. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने भारतीय सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली. परळला १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे तीच हाफकिन संस्था सर्पदंशावरील लसीचे मोठे केंद्र बनली. देवघरातला आणि टोपलीतला साप आता नोंदवहीत आला.

१२/
नोंदवहीबरोबर व्यापाराची खातेवहीही उघडली होती. विसाव्या शतकात अजगराच्या कातडीच्या पर्स, पट्टे, बूट जगभर फॅशन म्हणून विकले गेले आणि भारत हा त्या कातडीचा मोठा पुरवठादार होता. ज्या त्वचेला मऊ राखण्यासाठी जिवंत अजगर पाण्यात पडून राहतो, ती त्वचाच त्याच्या जिवावर उठली. अखेर १९७३ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला लगाम घालणारा ‘साइट्स’ करार झाला आणि १९७६ मध्ये भारत त्यात सामील झाला.

१३/
१९७२ हे वर्ष मराठवाड्याच्या स्मृतीत दुष्काळाचे वर्ष आहे. बीडसह अनेक जिल्ह्यांत विहिरी आटल्या, जनावरे छावण्यांत किंवा बाजारात गेली, माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा मंजूर झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. पण एकत्र ठेवून पाहिल्या की काळाचे चित्र स्पष्ट होते. माणसाच्या घशाला कोरड पडलेली असताना मुक्या जिवांच्या हक्काचा विचार कायद्याच्या पुस्तकात शिरत होता. भारतीय अजगराला या कायद्याने पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत बसवले.

१४/
कायदा झाला तरी मने बदलायला माणसे लागतात. हाफकिन संस्थेशी संबंधित डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरील पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले होते. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसह ७२ तास काढून सापाविषयीच्या भीतीलाच आव्हान दिले. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांत ‘साप दूध पीत नाही’ हे सांगितले. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीतील जिवंत नागांच्या खेळांना न्यायालयाच्या आदेशांनी आवर बसला. एका पिढीत ‘सर्पमित्र’ हा शब्द मराठीत रुळला.

१५/
या बदलाची एक शाखा बीड जिल्ह्यातही फुटली. शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे सोनवणे दांपत्याने उभारलेले ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. नावातच साप आहे. पण तेथे जखमी, आजारी, पोरक्या अशा नाना वन्यजीवांवर उपचार होतात आणि बरे झालेले जीव पुन्हा रानात सोडले जातात. पाण्याची चणचण असलेल्या तालुक्यात असे केंद्र चालवणे म्हणजे काय, हे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. गारुड्याच्या टोपलीत साप तहानेने वश केला जाई. येथे त्याला सोडून देण्यासाठी सांभाळले जाते. दोन्हीकडे हात माणसाचाच, हेतू मात्र उलटा.

१६/
आता कथा समुद्रापार जाते. पश्चिम आफ्रिकेत आजच्या बेनिन देशातल्या विदा या नगरात अजगराचे मंदिर आहे. तेथे डांग्बे या सर्पदेवतेची उपासना शतकानुशतके चालत आली. विल्यम बोसमान या डच व्यापाऱ्याने अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या वर्णनात तिची हकिगत येते. १७२७ मध्ये दाहोमीच्या आगाजा राजाने ते राज्य जिंकले, तरी अजगराची पूजा टिकली. मंदिरातले बॉल पायथन बाहेर फिरतात, कोणाच्या घरात शिरले तर लोक आदराने परत आणून सोडतात. शिराळ्याच्या माणसाला विदा फारसे परके वाटणार नाही.

१७/
या अजगराला जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये ‘रेजिअस’, म्हणजे राजस, असे नाव दिले. ‘बॉल’ हे नाव त्याच्या सवयीवरून पडले : भय वाटले की तो अंगाचा घट्ट चेंडू करून डोके आत लपवतो. लांबी बहुधा तीन ते पाच फूट, स्वभाव शांत, आकार हाताळण्याजोगा. हेच गुण त्याला भोवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाना, टोगो, बेनिन येथून तो हजारोंच्या संख्येने अमेरिका-युरोपात पाळीव प्राणी म्हणून गेला. १९९० च्या दशकात पांढऱ्या-पिवळ्या, ठिपक्यांच्या रंगछटांची पैदास सुरू झाली आणि देव्हाऱ्यातला अजगर बाजारातला ‘माल’ झाला.

१८/
ती लाट मुंबईच्या किनाऱ्यालाही लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या विमानतळावरील मालवाहतूक संकुलात शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेल्या खोक्यांतून अजगर, सरडे, कासवे, इग्वाना असे ६६५ प्राणी महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांना सापडले. त्यांपैकी ११७ मेलेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक निघाले. वेताच्या टोपलीची जागा बिस्किटाच्या पुड्याने घेतली, इतकेच. आत तोच अंधार, तीच कोरड.

१९/
म्हणून कायद्याची रेघ नीट समजून घेतली पाहिजे. भारतीय अजगर घरी पाळणे हा गंभीर गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास होऊ शकतो. बॉल पायथन परदेशी असल्याने त्याची वाट वेगळी आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने असे विदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची मुभा दिली. २०२२ च्या दुरुस्तीने ‘साइट्स’ यादीतील प्राणी कायद्याच्या कक्षेत आणले आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली. पिल्ले झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याकडे गेला, तरी ते कळवावे लागते. नोंदणीविना पाळलेला अजगर ही हौस राहत नाही, ती तस्करीची शेवटची कडी होते.

२०/
ज्यांच्याकडे असा नोंदणीकृत बॉल पायथन आहे, त्यांच्यासमोर तोच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो : याला पाण्यात सोडावे का? इतिहासाने दिलेले उत्तर असे की, पाणी कायम हवे, जबरदस्ती कधीच नको. पेटीत जड बुडाचे, सहज न उलटणारे, साप पूर्ण वेटोळे घालून मावेल असे भांडे ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. साप जीभ बुडवून पाणी चाटत नाही. तो ओठ पाण्याला टेकवून जबड्याच्या हालचालीने ते आत ओढतो. निरोगी बॉल पायथनला वेगळे स्नान क्वचितच लागते. तो स्वतःहून भांड्यात उतरतो आणि स्वतःहून बाहेर येतो, हीच त्याच्यासाठी नदी.

२१/
बीडच्या हवेत मात्र अडचण आहे. या सापाला हवेत साधारण ५० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. कात टाकण्याच्या सुमारास त्याहूनही अधिक. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याची हवा भट्टीसारखी कोरडी असते. अशा वेळी कात तुकड्यातुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला कडे होऊन आवळते, डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच राहतो. गारुड्याच्या सापाला झाला तोच हा आजार. त्यावर पहिला उपाय म्हणजे पेटीत ओल्या शेवाळाची किंवा ओलसर कापडाची झाकलेली, सापाला आत शिरता येईल अशी लहानशी डबी ठेवणे. तेवढ्याने भागले नाही, तरच स्नान.

२२/
स्नान म्हणजे पोहण्याची शर्यत नव्हे. पसरट, झाकणाला हवेची भोके असलेला टब घ्यावा. पाणी सापाच्या अंगाच्या जाडीच्या निम्म्याइतके, फार तर खांद्याइतके म्हणता येईल असे, डोके न ताणता वर राहील एवढेच. तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस. हाताच्या अंदाजावर न जाता तापमापक वापरावा, कारण आपल्याला ‘कोमट’ वाटणारे पाणी त्याला पोळू शकते. तळाशी खडबडीत दगड किंवा टॉवेल असावा, म्हणजे अंग टेकायला आधार मिळतो. पंधरा-वीस मिनिटे पुरे, आणि तेवढा वेळ नजर हलवायची नाही. साप बाहेर पडू पाहत असेल, धडपडत असेल, तर स्नान तेथेच संपले.

२३/
काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. भक्ष्य गिळल्यानंतर किमान दोन दिवस पाण्यात घालू नये; ताणामुळे तो खाल्लेले ओकतो. साबण, शाम्पू, जंतुनाशक यांचा थेंबही नको. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावे म्हणून पाणी रात्रभर उघडे ठेवावे. हिवाळ्यात, बीडची रात्र गारठते तेव्हा, थंड पाण्याने श्वसनाचा विकार जडू शकतो. स्नानानंतर अंग टिपून उबदार पेटीत परत ठेवावे. पापुद्रा चिमट्याने ओढू नये, विशेषतः डोळ्यावरचा. आणि विहीर, तलाव, धरण येथे ‘मोकळे पोहू द्यावे’ हा मोह तर मुळीच नको. तेथे साप हरवतो, आणि हरवलेला परदेशी साप स्थानिक जिवांना रोग देऊ शकतो. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव व्यापारातून सुटलेल्या ब्रह्मी अजगरांनी मांडलेला उच्छाद सगळ्या जगासमोर आहे.

२४/
कधी उलटे घडते : साप पाण्याबाहेर येईनासाच होतो. पाहणाऱ्याला वाटते, याला पोहणे आवडू लागले. बहुधा ती तक्रार असते. पेटी फार तापलेली असेल, हवा फार कोरडी असेल, मादी गाभण असेल किंवा अंगावर गोचिडासारखे बारीक किडे झाले असतील. पाण्यात बुडून तो त्या किड्यांपासून सुटका शोधतो. काही किडे बुडतात, काही डोक्याकडे सरकतात. भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसले की पशुवैद्य गाठावा. सतत ओल्यात राहिल्यास पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, म्हणून अति पाणी हाही उपचार नाही. माणसानेही साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याचे भांडे स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे. सरीसृपांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू पसरतो.

२५/
ज्या जिल्ह्यात घागरीसाठी रांग लागते, तेथे सापाच्या स्नानाची चर्चा चैन वाटणे स्वाभाविक आहे. हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे : बॉल पायथनला दिवसाला एक भांडे पाणी पुरते. गारुड्याच्या टोपलीत ते एक भांडे नव्हते, बिस्किटाच्या पुड्यात नव्हते, आणि नागपंचमीला त्याच्या जागी दूध होते. कमतरता कधीच पाण्याची नव्हती, समजुतीची होती. उन्हाळ्यात रानातल्या पाणवठ्यावर टँकर रिता करणारा वनमजूर आणि अंगणात पाखरांसाठी परळ भरून ठेवणारी आजी यांना ही गोष्ट पुस्तकाविना ठाऊक असते.

२६/
एकनाथांच्या अवधूताने अजगराला गुरू केले ते न मागण्याच्या गुणासाठी. रानातल्या अजगराला तो गुण शोभतो, कारण त्याला पाण्यापर्यंत जायची वाट मोकळी असते. पेटीतल्या अजगराची ती वाट माणसाने बंद केलेली आहे. तो आजही मागत नाही. भांडे रिकामे असले तरी ओरडत नाही, दार वाजवत नाही, मुकाट वेटोळे घालून पडून राहतो. म्हणून त्याच्या वतीने पाहण्याचे काम पाळणाऱ्याकडे येते. सकाळी उठल्यावर आधी भांडे बघावे. रिते असेल तर भरावे.